कार्ड खिशात आहे, पण ते हद्द ओलांडतं का?

दोस्तांनो, सध्या लातूरच्या बसस्टँडवर किंवा नांदेडच्या स्टेशनवर नुसतं दहा मिनिटं उभं राहा. बॅगा, गाद्यांच्या गुंडाळ्या, चिवड्याचे डबे, मार्कशीटच्या झेरॉक्सची फाईल आणि सोबत सूचना देणारे आई-वडील दिसतील. कुणी पुण्याला कॉलेजला चाललंय, कुणी हैदराबादला कंपनीत, कुणी बेंगळुरूला इंटर्नशिपला. चार्जर घेतला का, आधार घेतलं का, पोचलास की फोन कर, सगळं विचारून होतं. फक्त एक प्रश्न कुणी विचारत नाही. तिकडे आजारी पडलास तर दवाखान्याचं बिल कोण भरणार?

विचारलाच, तर उत्तर ठरलेलं असतं. ‘अहो, आता पाच लाखांचं कार्ड आहे ना!’

कार्ड आहे, हे खरंच. पण ते कुठवर चालतं, हे घरात फार थोड्यांना माहीत असतं. आपल्या आरोग्य कवचाला एक पत्ता आहे आणि बहुतेकांच्या बाबतीत तो पत्ता महाराष्ट्राच्या हद्दीवर संपतो. आज एवढी एकच गोष्ट नीट समजून घेऊ.

एक कार्ड, दोन योजना

आधी थोडा इतिहास. २ जुलै २०१२ ला राज्यात ‘राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना’ आठ जिल्ह्यांत सुरू झाली. त्या पहिल्या आठांत आपलं नांदेड होतं. लातूरसह उरलेले जिल्हे नोव्हेंबर २०१३ मध्ये जोडले गेले. २०१७ मध्ये तिचं नाव ‘महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना’ झालं. दरम्यान केंद्राची ‘आयुष्मान भारत – प्रधानमंत्री जन आरोग्य योजना’ सप्टेंबर २०१८ मध्ये आली आणि १ एप्रिल २०२० पासून महाराष्ट्रात या दोन्ही योजना एकत्र चालू लागल्या.

मोठा बदल झाला तो २८ जुलै २०२३ च्या शासन निर्णयाने. त्याआधी राज्याच्या योजनेत कुटुंबाला वर्षाला दीड लाखांपर्यंतचं कवच होतं. ते पाच लाख झालं. पिवळं, केशरी, पांढरं असं कुठलंही रेशनकार्ड असलेलं कुटुंब आणि अधिवास प्रमाणपत्र असलेले नागरिक सगळे पात्र ठरले. उपचारांची संख्या १,३५६ ठरवली गेली. १ जुलै २०२४ पासून ही विस्तारित योजना लागू झाली. निर्णय चांगलाच आहे. कॅन्सर, हृदय, किडनी यांचे उपचार म्हणजे एकेकाळी आपल्याकडे जमीन विकायची वेळ. त्यातून बरीच घरं वाचू शकतात.

पण एकत्र झालेल्या या योजनेत पैसे भरणारे दोन वेगळे खिसे आहेत. एका बाजूला केंद्राच्या यादीतली कुटुंबं. ही यादी २०११ च्या सामाजिक-आर्थिक जातनिहाय जनगणनेवरून बनली आणि महाराष्ट्रातली सुमारे ८४ लाख कुटुंबं तिच्यात आली. दुसऱ्या बाजूला बाकी सगळे, म्हणजे राज्याच्या खर्चाने सामावलेली कुटुंबं. राज्यात असेपर्यंत या दोघांत रुग्णाला काही फरक जाणवत नाही. लातूरला विलासराव देशमुख शासकीय वैद्यकीय विज्ञान संस्थेत जा किंवा पुण्यातल्या एखाद्या अंगीकृत रुग्णालयात, ‘आरोग्यमित्रा’चा काउंटर दोघांनाही तोच.

फरक कळतो तो राज्याबाहेर. केंद्राच्या योजनेत ‘पोर्टेबिलिटी’ आहे, म्हणजे देशात कुठेही त्या योजनेच्या पॅनलवर असलेल्या रुग्णालयात कार्ड चालतं. राज्याच्या योजनेला राज्याने अंगीकृत केलेली रुग्णालयंच लागतात. कार्डाचा रंग, त्यावरचा फोटो, घरच्यांचा विश्वास सगळं सारखंच. पण हैदराबादच्या काउंटरवर एकाचं नाव सापडेल आणि दुसऱ्याला आगाऊ रक्कम भरायला सांगतील.

आता गंमत बघा. २०११ मध्ये यादी बनली तेव्हा तुम्ही बहुधा प्राथमिक शाळेत होतात. त्यानंतर तीन-चार दुष्काळ गेले, कुणाच्या घरी कर्ज झालं, कुणाची शेती वाटणीत गेली. यादी मात्र त्या वर्षीच्या घराकडे बघते.

आपल्याला हैदराबाद जवळ पडतं

मुंबईत बसून हा प्रश्न किरकोळ वाटू शकतो. राज्यात एवढी मोठी रुग्णालयं आहेत, मग बाहेर कशाला जायचं? मराठवाड्याचा नकाशा उघडला की उत्तर मिळतं.

नांदेडहून हैदराबाद पावणेतीनशे किलोमीटरच्या आसपास आहे, मुंबई त्याच्या दुप्पट. उदगीरकराला लातूर आणि बिदर जवळपास सारख्याच अंतरावर. देगलूर, देवणी, औराद शहाजानी इथल्या माणसाला सीमेपलीकडचा बाजार, पाहुणे, दवाखाना हे सगळं रोजच्या जगण्यातलं. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत आपण निजामाच्या हैदराबाद संस्थानात होतो आणि पुढे १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात. मोठं दुखणं म्हणजे हैदराबाद, ही सवय घरातल्या जुन्या माणसांना विचारा. राज्यांच्या सीमा बदलल्या, पण पायाखालचा रस्ता तोच राहिला.

त्यात आता आपली पिढी. हैदराबादला आयटी, बेंगळुरूला स्टार्टअप, कोट्याला कोचिंग. आणि ज्यांच्याबद्दल या पानावर फार कमी लिहिलं जातं ते आपल्याच वयाचे ऊसतोड कामगार. दिवाळीच्या आगेमागे जळकोट, अहमदपूर, मुखेड, कंधार भागातून जोडपी कोयते घेऊन निघतात. त्यातली काही कर्नाटकातल्या कारखान्यांवर जातात आणि उन्हाळ्याच्या तोंडाला परततात. वर्षातला जवळपास निम्मा काळ, आणि तोही कोयता आणि ट्रॅक्टर-ट्रॉलीच्या सोबतीचा, असा परराज्यात जातो. रेशनकार्ड मात्र गावाकडे पेटीत.

आता त्याच रेशनकार्डाचा दुसरा उपयोग बघा. ‘एक देश, एक रेशनकार्ड’ योजनेची सुरुवात ऑगस्ट २०१९ मध्ये काही राज्यांच्या जोड्यांतून झाली आणि २०२२ पर्यंत ती सगळ्या राज्यांत पोचली. अन्नसुरक्षा योजनेतल्या कुटुंबाचा माणूस आज हैदराबादच्या रेशन दुकानात अंगठा लावून आपल्या वाट्याचं धान्य घेऊ शकतो. म्हणजे तेच रेशनकार्ड परराज्यात तांदूळ देतं, पण ऑपरेशन देत नाही. धान्याच्या बाबतीत जे तंत्र जमलं, ते दवाखान्याच्या बाबतीत का जमू नये?

सीमा ओलांडता येत नाही असंही नाही. सीमाभागातल्या ८६५ मराठी गावांसाठी राज्याने २०२३ मध्ये फुले योजना लागू केली. त्याच वर्षीच्या जुलैच्या निर्णयात कर्नाटकातल्या सीमेलगतच्या चार जिल्ह्यांत १० रुग्णालयं अंगीकृत करायची तरतूद आहे. सीमावादाचा विषय होता, राजकीय इच्छा होती, म्हणून रस्ता निघाला. त्या तरतुदीत तेलंगणा मात्र नाही. नांदेड आणि लातूरच्या माणसाचा सगळ्यात वापरातला रस्ता जिकडे जातो, नेमकं तेच राज्य राहून गेलं.

आजोबांचं कवच देशभर, नातवाचं घरापुरतं

२९ ऑक्टोबर २०२४ पासून केंद्राने ७० वर्षं आणि त्यावरच्या सगळ्यांना, उत्पन्न कितीही असो, आयुष्मान योजनेत घेतलं. त्यांच्यासाठी ‘आयुष्मान वय वंदना’ कार्ड आहे. ज्येष्ठांना याची गरज आहेच, त्यावर वाद नाही. आजी-आजोबांचं कार्ड काढलं नसेल तर याच आठवड्यात काढून घ्या. तिरुपती किंवा काशीच्या वाटेवर दुखणं निघालं तर ते कामाला येईल.

पण समजा, एक केशरी कार्डवालं घर आहे. केंद्राच्या यादीत नाव नाही. आजोबा ७२ वर्षांचे, गाव सोडून फारसे कुठे न जाणारे. त्यांचं कवच देशभर चालतं. नातू २२ वर्षांचा, बेंगळुरूत पेइंग गेस्ट म्हणून राहणारा, रोज दोन तास ट्रॅफिकमध्ये दुचाकीवर. त्याचं कवच सोलापूरच्या पुढे कुठेतरी संपलेलं. जो हलत नाही त्याला पोर्टेबिलिटी आणि जो हलतो त्याला नाही, असा हा हिशोब आहे. तरुण म्हणजे निरोगी, हे गृहीत धरून तो मांडलेला दिसतो. डेंग्यू, अपेंडिक्स आणि अपघात यांना मात्र वय विचारायची सवय नाही.

राज्याची बाजूही समजून घेऊ. दुसऱ्या राज्यातल्या रुग्णालयाचं बिल तपासणं, खोटे दावे पकडणं, दर ठरवणं हे अवघड आहे आणि पैसा शेवटी आपल्याच तिजोरीतून जाणार. पण केंद्राच्या यादीतल्या रुग्णांसाठी हे सगळं आज चालूच आहे. संगणक प्रणाली तीच, पॅनल तेच. निदान तातडीच्या उपचारांपुरती ती सोय राज्याच्या यादीलाही द्यायला काय हरकत आहे?

युरोपात २००४ पासून ‘युरोपियन हेल्थ इन्शुरन्स कार्ड’ आहे. फ्रान्सचा विद्यार्थी जर्मनीत आजारी पडला तर गरजेचा उपचार तिथल्या सरकारी व्यवस्थेत तिथल्या लोकांच्याच अटींवर मिळतो. तिथे देश वेगळे, भाषा वेगळी, सरकारं वेगळी. उदगीर आणि बिदरच्या मध्ये तर एकच देश आहे.

रस्त्यावर काही झालं तर

आजारपण एक, अपघात दुसरा. अपघाताच्या बाबतीत चित्र थोडं बरं आहे, फक्त माहिती हवी.

५ मे २०२५ ला केंद्राने रस्ते अपघातग्रस्तांसाठी कॅशलेस उपचार योजना अधिसूचित केली. देशात कुठल्याही रस्त्यावर मोटार वाहनामुळे अपघात झाला, तर नियुक्त रुग्णालयात अपघातापासून ७ दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांपर्यंतचे उपचार. तुम्ही कुठल्या राज्याचे, कुठलं रेशनकार्ड, याचा संबंध नाही. पोलिसांकडे अपघाताची नोंद मात्र हवी. काउंटरवर कुणी स्वतःहून सांगेलच असं नाही, योजनेचं नाव घेऊन तुम्हीच विचारा.

आपल्या राज्याच्या योजनेतही अपघातासाठी प्रति रुग्ण १ लाखापर्यंतची तरतूद आहे आणि ती महाराष्ट्राच्या हद्दीत जखमी झालेल्या परराज्यातल्या माणसालाही लागू होते. म्हणजे पंजाबहून सचखंड गुरुद्वाऱ्याच्या दर्शनाला नांदेडला आलेला भाविक इथे अपघातात सापडला तर आपण त्याला सांभाळतो. हे मन मोठं करणं शक्य आहे, हे त्यातून दिसतंच.

आता तिकिटांकडे वळू. रेल्वेचं ऑनलाइन तिकीट काढताना खाली विम्याचा एक छोटा चौकोन असतो. प्रवाशामागे ४५ पैसे. रेल्वे अपघातात मृत्यू झाल्यास वारसाला १० लाख, जखमी झाल्यास रुग्णालयाच्या खर्चासाठी २ लाखांपर्यंत. कन्फर्म किंवा आरएसी ई-तिकिटालाच तो मिळतो, खिडकीवरच्या तिकिटाला नाही. आणि नंतर मोबाइलवर येणारी लिंक उघडून वारसाचं नाव भरावं लागतं. आपण तो मेसेज जाहिरात समजून उडवून टाकतो!

एसटीचं तिकीट काढता तेव्हा १ एप्रिल २०१६ पासून त्यात १ रुपया अपघात सहायता निधीचा असतो. अपघाती मृत्यू झाल्यास वारसांना १० लाखांपर्यंत मदत त्यातून मिळते. म्हणून तिकीट फेकू नका, फोटो काढून ठेवा.

खासगी ट्रॅव्हल्समध्ये असा निधी नसतो, तिथे गाडीचा विमा आणि मोटार अपघात दावा न्यायाधिकरण. यातली कामाची गोष्ट अशी की अपघात कर्नाटकात झाला तरी दावा तिथेच लावायची सक्ती नाही. दावेदार जिथे राहतो तिथल्या न्यायाधिकरणातही, म्हणजे लातूरला किंवा नांदेडलाही, तो दाखल करता येतो. २०१९ च्या कायदादुरुस्तीने त्यासाठी सहा महिन्यांची मुदत घातली आहे, त्यामुळे दिवस मोजा.

बँकेतून वर्षाला २० रुपये कापून जाणारी ‘प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजना’ बऱ्याच जणांकडे असते. अपघाती मृत्यू किंवा पूर्ण अपंगत्वाला २ लाख. देशभर चालते, पण दवाखान्याचं बिल भरत नाही. अपघात विमा आणि आरोग्य विमा ही दोन वेगळी भांडी आहेत, एकात दुसरं शोधू नका.

पॉलिसी काढली असेल तर

घरच्यांनी खासगी पॉलिसी काढली असेल तर ती साधारणपणे देशभर चालते. तरी तीन कलमं वाचाच.

पहिलं, झोन. काही पॉलिसींमध्ये शहरांचे गट असतात. लातूरच्या पत्त्यावर हप्ता कमी बसतो, पण मुंबई-हैदराबादसारख्या शहरात उपचार घेतले तर बिलाचा ठरावीक टक्का आपल्याला भरावा लागतो. त्याला ‘को-पे’ म्हणतात. शिकायला किंवा नोकरीला जायच्या आधी एजंटला सरळ विचारा, ‘माझा झोन कोणता?’

दुसरं, वेटिंग पिरियड. नव्या पॉलिसीत अपघात सोडला तर पहिले ३० दिवस सहसा काही मिळत नाही. आधीपासूनच्या आजारांना जास्तीत जास्त ३ वर्षं थांबायला लावता येतं. म्हणजे निघायच्या आदल्या दिवशी पॉलिसी काढून डेंग्यूचा क्लेम होणार नाही.

तिसरं, कॅशलेस. जानेवारी २०२४ पासून विमा कंपन्यांनी ‘कॅशलेस एव्हरीव्हेअर’ आणलं, म्हणजे यादीबाहेरच्या रुग्णालयातही कॅशलेस मागता येतं. ठरवून केलेल्या ऑपरेशनसाठी ४८ तास आधी आणि इमर्जन्सीत भरती झाल्यापासून ४८ तासांत कंपनीला कळवायला हवं. नवीन शहरात रूममेटला तुमच्या पॉलिसीचा नंबर माहीत नसेल तर हे ४८ तास कसे निघून जातात, कळतही नाही.

वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून शून्य झालाय, ही चांगली बातमी. कंपनीच्या ग्रुप विम्यावर मात्र कायमचं विसंबू नका, नोकरी सुटली की तोही सुटतो. आणि पगार महिना २१ हजारांपर्यंत असेल तर स्लिपवर ईएसआयसीची ०.७५ टक्के कपात आहे का बघा. असेल तर कवच आहे, फक्त तुमचा नंबर आणि जवळचा दवाखाना माहीत करून घ्या.

परदेशात जाणाऱ्यांना हा धडा दूतावासच शिकवतो. युरोपच्या शेंगेन व्हिसासाठी किमान ३० हजार युरोंचा वैद्यकीय विमा दाखवल्याशिवाय अर्ज पुढे सरकत नाही. ब्रिटनला जाणारा विद्यार्थी व्हिसाच्या वेळीच वर्षाला ७७६ पौंड आरोग्य शुल्क भरतो. देशातल्या देशात आपल्याला कुणी अडवून विचारत नाही, म्हणून आपणही स्वतःला विचारत नाही.

निघण्याआधी एवढं करा

• १४५५५ वर किंवा जवळच्या अंगीकृत रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला एकच प्रश्न विचारा: ‘माझं नाव केंद्राच्या यादीत आहे की राज्याच्या?’ फुले योजनेचा टोल-फ्री नंबर १५५३८८.

• रेशनकार्डवर तुमचं नाव आहे का ते बघा. फोटो मोबाइलमध्ये ठेवा आणि मूळ कार्ड कुणाकडे आहे ते माहीत असू द्या.

• नाव राज्याच्या यादीत आहे आणि तुम्ही राज्याबाहेर चालला आहात? मग लहानशी का होईना, खासगी पॉलिसी किमान महिनाभर आधी.

• पुण्या-मुंबईत धर्मादाय रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत राखून ठेवाव्या लागतात. तहसीलचा उत्पन्नाचा दाखला सोबत असू द्या.

• १०८ हा रुग्णवाहिकेचा नंबर महाराष्ट्र, कर्नाटक आणि तेलंगणा तिन्हीकडे चालतो. पॉलिसी नंबर आणि घरच्यांचा फोन रूममेटकडे द्या.

हे झालं आपल्या हातातलं. सरकारच्या हातात याहून साध्या गोष्टी आहेत. कार्डावर मोठ्या अक्षरांत छापा: ‘देशभर वैध’ किंवा ‘फक्त महाराष्ट्रात वैध’. कर्नाटकच्या चार जिल्ह्यांत जे ठरवलं ते हैदराबाद आणि निजामाबादकडेही न्या. राज्याच्या यादीतल्या माणसालाही इमर्जन्सीपुरती तरी पोर्टेबिलिटी द्या.

पुढच्या वेळी कुठल्याही पक्षाचा कार्यकर्ता दारात येऊन ‘पाच लाखांचं कवच दिलं’ म्हणाला, तर त्याला चहा द्या आणि मग विचारा, ‘काका, हे बिदरला चालतं का?’